लहान मंडळीतील उपासना आणि सांत्वन : भद्रावती परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी

भद्रावतीसारख्या गावात ख्रिस्ती उपासनेचा विचार करताना प्रथम येथील वस्तीची घडण लक्षात घ्यावी लागते. विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचे देऊळ आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर यांमुळे हे गाव फार जुन्या काळापासून निरनिराळ्या उपासनापद्धतींना परिचित असले, तरी येथील ख्रिस्ती वस्तीचा बराचसा भाग अलीकडच्या औद्योगिक काळात, म्हणजे आयुध निर्माणी, माजरी परिसरातील कोळसा खाणी आणि चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र यांच्या आधाराने वाढला आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे एक टक्का होती आणि चंद्रपूर जिल्ह्यात हे प्रमाण त्याहूनही कमी आहे. त्यामुळे मुंबई, वसई किंवा अहिल्यानगर येथील ख्रिस्ती माणसाला आजूबाजूला सहज मिळणारा समाज येथे प्रत्येक कुटुंबाला प्रयत्नाने जोडावा लागतो. शेजारी बहुधा हिंदू किंवा बौद्ध असतात, नातेवाईक दूर असतात, नोकरी बदलीची असते. आणि आजारपण किंवा मृत्यू घरात आल्यावर आपल्या पद्धतीने प्रार्थना म्हणणारे कोण, हा प्रश्न एकदम उभा राहतो. या लेखातील मार्गदर्शन प्रामुख्याने अशा कुटुंबांसाठी आहे.

या जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळीचे दोन मुख्य प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह प्रोटेस्टंट परंपरेचा होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने, म्हणजे बिशपांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या तेथील अँग्लिकन चर्चने, चांदा (आजचे चंद्रपूर) येथे मिशन चालवले, आणि या मिशनमध्ये काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. दक्षिणेकडे सिरोंचा भागात मेथडिस्ट मिशनचे काम होते. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट इत्यादी सहा चर्चसंस्था २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यामुळे ऐक्याची ही घटना विदर्भाच्याच भूमीवर घडली असे म्हणता येते. दुसरा प्रवाह कॅथलिक असून तो केरळातील सिरो-मलबार परंपरेचा आहे. १९६२ मध्ये चांदा हे या परंपरेच्या चर्चकडे केरळबाहेर सोपवलेले पहिले मिशनक्षेत्र ठरले, १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि आज त्याचे मुख्यालय बल्लारपूरला आहे. याशिवाय घराच्या ओसरीत किंवा भाड्याच्या खोलीत जमणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभाही अशा औद्योगिक पट्ट्यात असतात. एकाच वस्तीत मराठी, हिंदी, तेलुगू आणि मल्याळम बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे राहत असल्याने उपासनेची भाषा हाही निवडीचा एक भाग बनतो.

निवड करताना बहुतेक कुटुंबे आपल्या मूळ गावच्या चर्चशी अगदी तंतोतंत जुळणारी मंडळी शोधतात आणि ती न सापडल्यास वर्षानुवर्षे कोठेच जात नाहीत, किंवा नाताळ आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरते चंद्रपूरला जाऊन येतात. ही पद्धत चुकीची आहे. मूळ सिद्धान्तांत मोठा विरोध नसेल, तर नियमित पोहोचता येईल अशी जवळची मंडळी दूरच्या आवडत्या मंडळीपेक्षा अधिक उपयोगी ठरते, कारण पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या मंडळीतील माणसे रात्री दोन वाजता रुग्णालयात पोहोचू शकत नाहीत. भाषेबाबतही थोडी तडजोड करावी. मात्र घरातील वृद्धांना कळत नाही अशा भाषेतील उपासनेवर संपूर्ण घर सोपवू नये आणि त्यांच्यासाठी घरी मराठी किंवा मातृभाषेतील पवित्र शास्त्राचे वाचन चालू ठेवावे.

जवळची असली तरी प्रत्येक सभा भरवशाची असतेच असे नाही. ज्या मंडळीचे हिशेब सभासदांपुढे वर्षातून एकदा तरी मांडले जातात, जेथे पाळकावर देखरेख करणारी समिती किंवा वरिष्ठ अधिकारी असतो आणि जेथे प्रश्न विचारणाऱ्याला अविश्वासू ठरवले जात नाही, ती मंडळी निरोगी समजावी. याउलट एकाच व्यक्तीच्या शब्दावर सर्व काही चालत असेल, आजार बरा होण्याचे आश्वासन देऊन औषध थांबवण्यास सांगितले जात असेल किंवा दशांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग अर्पण करण्याच्या प्रथेची, सक्ती होत असेल, तर तेथून शांतपणे बाजूला व्हावे. नव्या ठिकाणी जाताना पूर्वीच्या मंडळीकडून सभासदत्वाचे पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला मागून घ्यावा. कॅथलिक कुटुंबांत बाप्तिस्म्याला स्नानसंस्कार म्हणतात, आणि त्याची नोंद ज्या धर्मग्रामात, म्हणजे धर्मगुरूच्या हद्दीतील स्थानिक मंडळीत, झाली असेल तेथूनच तिचा उतारा मिळतो. पुढे विवाह ठरल्यावर ही कागदपत्रे लागतातच, कारण विवाहाआधी मंडळीत त्याची जाहीर सूचना, ज्याला प्रोटेस्टंट मंडळ्यांत तीन रविवारच्या ‘हाका’ म्हणतात, या नोंदींच्या आधारेच दिली जाते.

रविवारच्या उपासनेचा क्रम नवख्याला प्रथम यांत्रिक वाटण्याची शक्यता असते. बहुतेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत आरंभीचे गीत, पापांगीकार, पापक्षमेची घोषणा, स्तोत्रपठण, जुन्या आणि नव्या करारातील वाचने, मतांगीकार म्हणजे विश्वासाचे सामूहिक उच्चारण, संदेश, मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण आणि आशीर्वचन असा क्रम थोड्याफार फरकाने आढळतो. कॅथलिक मिस्सा, जिला सिरो-मलबार परंपरेत कुर्बाना म्हणतात, तिच्यातही वाचने, प्रार्थना आणि अर्पण यांची अशीच ठरलेली मांडणी असते. हा ठरलेला क्रम सांत्वनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दुःखात बुडालेल्या माणसाला स्वतःची प्रार्थना सुचत नाही, सुचली तरी उच्चारता येत नाही. अशा वेळी पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेलेले शब्द इतरांच्या आवाजात त्याच्यासाठी म्हटले जातात आणि त्याने नुसते उभे राहिले तरी पुरते. केवळ पाळकाच्या उत्स्फूर्त प्रार्थनेवर आणि वक्तृत्वावर उभी असलेली उपासना पाळक थकला, आजारी पडला किंवा बदलून गेला की कोलमडते, तर क्रमाला धरून असलेली उपासना एखादा वडील सभासदही चालवू शकतो, ही गोष्ट महिन्यातून दोनदाच पाळक येऊ शकणाऱ्या लहान मंडळ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

या क्रमातील स्तोत्रपठणाकडे आजकाल दुर्लक्ष होते. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. ८८ वे स्तोत्र तर आशेच्या एकाही ओळीकडे न वळता अंधारातच संपते. सतत आनंदाचीच गीते म्हणणाऱ्या मंडळीत नुकताच मुलगा गमावलेल्या आईला बसणे अवघड जाते, कारण तेथे तिच्या मनःस्थितीला जागाच नसते. म्हणून उपासना चालवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी विलापाचे स्तोत्र वाचनात घ्यावे आणि त्याला लगेच एखादे आनंदगीत जोडून त्याची धार घालवू नये.

गायनाबाबत मराठी मंडळ्यांपाशी मोठे धन आहे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात पाश्चात्त्य चालींबरोबर अभंग, भजन आणि देशी रागांच्या चालींवरची गीतेही आहेत आणि त्यांमागे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यासारख्यांची प्रतिभा आहे. टिळकांचा ख्रिस्ती धर्माकडे झालेला प्रवास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने दिलेल्या नव्या करारापासून सुरू झाला, म्हणजे त्याचे पहिले पाऊल विदर्भ-छत्तीसगडच्या रुळांवरच पडले, हे येथील वाचकाला विशेष जवळचे वाटावे. पेटी आणि तबला एवढ्यावर उत्तम भजन होऊ शकते. त्यासाठी महागडी ध्वनियंत्रणा घेऊन मंडळीने कर्जात पडण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील ख्रिस्तेतर पाहुण्यालाही रांगेत बसून एकमुखाने प्रार्थना म्हणणे अनोळखी नसते, कारण तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना या भागातील गावोगावी म्हटली जाते. असा पाहुणा उपासनेला आला तर त्याला पुस्तक उघडून द्यावे, शेजारी बसवावे आणि त्याच्या येण्यामागचा हेतू शोधत बसू नये.

प्रभुभोजनाच्या वेळी मात्र काही शिष्टाचार पाळावे लागतात. भाकर आणि द्राक्षरस यांच्या ग्रहणाने येशूच्या मरणाचे स्मरण करण्याचा हा विधी चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये साधारणपणे बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेल्यांसाठी असतो, तर कॅथलिक चर्चमध्ये तो सामान्यतः कॅथलिक सभासदांपुरता मर्यादित असतो. दुसऱ्या परंपरेतून आलेल्याने आधी धर्मगुरूला विचारून घ्यावे आणि उत्तर नकाराचे आल्यास त्यात अपमान मानू नये. जागेवर बसून प्रार्थना करणे हाही उपासनेतील पूर्ण सहभाग आहे.

खाण आणि कारखाना असलेल्या गावात उपासनेची वेळ हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या पुरुषाला महिन्यातील काही रविवारी सकाळी येता येत नाही, आणि दोन-तीन महिने न आल्यावर येण्याची लाज वाटू लागते. मंडळीने अशांसाठी रविवारी संध्याकाळची छोटी उपासना किंवा आठवड्यातून एकदा कामगार वसाहतीत गृहप्रार्थना ठेवावी. तीत एक गीत, एक वाचन आणि प्रार्थना एवढे पुरे, आणि चहापलीकडे यजमानावर खर्च पडता कामा नये, अन्यथा गरीब घरे आपली पाळी घेणे टाळतात. वार्षिक सणांचे नियोजन करतानाही येथील हवामान विसरू नये. प्रायश्चित्तकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा सण हे सारे चंद्रपूरचा उन्हाळा तापत असतानाच येतात, आणि उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना परंपरेने दुपारी बारा ते तीन असते. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेही यांनी त्या दिवशी निर्जळी उपवास करू नये आणि मंडळीने पिण्याच्या पाण्याची सोय दाराशीच ठेवावी. भक्तीचे मोजमाप उष्माघाताने होत नाही.

उपासनेनंतरची पंधरा मिनिटे मंडळीच्या आयुष्यात संदेशाइतकीच महत्त्वाची असतात, पण अनेक ठिकाणी ती जुन्या मित्रांच्या कोंडाळ्यात संपून जातात. एका खाणीतले, एका राज्यातले, एका जातीतून आलेले लोक आपापसांत बोलतात आणि नवे कुटुंब फाटकाशी उभे राहून निघून जाते. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात याच दोषावर कठोर टीका आहे : तेथे सुखवस्तू सभासद आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, आणि अशा भोजनाला प्रभूचे भोजन म्हणता येत नाही असा त्याचा निर्णय होता. भारतीय मंडळ्यांत या भेदाला जातीचाही आधार मिळतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्याओवळ्याची पकड आपल्या मनातून कशी हळूहळू सुटत गेली हे इतक्या मोकळेपणाने सांगितले आहे की, जातिभेद बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपोआप धुऊन निघतो अशी समजूत बाळगणाऱ्यांनी ते पुस्तक जरूर वाचावे. व्यवहारात एक साधा उपाय आहे. प्रीतिभोजनाचा स्वयंपाक, शब्बाथ शाळेचे (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचे) वर्ग, महिला मंडळाची भेटीची पाळी आणि चर्चची झाडलोट यांच्या जोड्या दर तिमाहीला बदलाव्यात, आणि प्रत्येक जोडीत एक जुना व एक नवा सभासद असावा. एकत्र काम केल्याने जी ओळख होते ती स्वागताच्या भाषणाने होत नाही.

सांत्वन हा विषय येथून सुरू होतो, कारण संकटाच्या दिवशी परक्या माणसाला घरात घेता येत नाही. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे तीन मित्र भेटायला येतात, त्याची अवस्था पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसतात, आणि पुढे जेव्हा ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागतात तेव्हा सगळे बिघडते. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. दुःखाच्या घरी भेटीस जाणाऱ्याने हा क्रम नेमका लक्षात ठेवावा. देवाला तो अधिक प्रिय होता, यामागे देवाची काही योजना असेल, तुमचा विश्वास कमी पडला, ही वाक्ये शास्त्रवचनांच्या आधाराने उच्चारली तरी जखमेवर मीठच चोळतात. मृताचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण सांगावी, कुटुंबाने परवानगी दिल्यास एक छोटे स्तोत्र वाचावे आणि प्रार्थना दोन-तीन मिनिटांत संपवावी. घरात लहान मुले असतील तर त्यांना शाळेत पोहोचवणे, वीजबिल भरणे, बँक आणि नोकरीच्या कार्यालयातील कागदांसाठी सोबत जाणे ही कामे प्रार्थनेपेक्षा कमी दर्जाची नाहीत. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. खरी गरज दीड-दोन महिन्यांनी, नातेवाईक परतल्यानंतर आणि निवृत्तिवेतनाचा अर्ज अडकल्यानंतर जाणवते. म्हणून भेटीची नोंद ठेवणाऱ्या महिला मंडळाने किंवा समितीने पहिल्या महिन्याबरोबर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याचीही भेट आधीच लिहून ठेवावी.

आजारपणात याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घेण्याची प्रथा आहे आणि ती वैद्यकीय उपचारांच्या जोडीने चालते, त्यांच्या ऐवजी नव्हे. रुग्णाने किंवा कुटुंबाने सांगितलेली गोष्ट त्यांच्या संमतीविना रविवारच्या प्रार्थनाविनंत्यांत जाहीर करू नये. लहान गावात आजाराचे नाव सोमवारपर्यंत कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचते, आणि दारूचे व्यसन, गर्भपात किंवा मानसिक आजार अशा बाबतीत या जाहीर प्रार्थनेने कुटुंब मंडळीपासून कायमचे तुटू शकते. उदासी आठवड्यांमागून आठवडे टिकली, झोप आणि भूक गेली किंवा जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर पाळकाने केवळ प्रार्थनेवर न थांबता डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था करावी. शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तो क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावलेला असावा.

अंत्यविधीबाबतही तयारी आधीच करावी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षा समारंभ झाला आणि आज या जिल्ह्यात बौद्ध समाज मोठ्या संख्येने आहे. ख्रिस्ती कुटुंबांचे अनेक सोयरे बौद्ध, हिंदू किंवा आदिवासी परंपरेतील असतात. मृत्यूच्या दिवशी दफन की दहन, कोणाची प्रार्थना आधी, हे वाद टाळायचे असतील तर वृद्धांनी आपली इच्छा लिहून ठेवावी आणि मंडळीने दफनभूमीची जागा, खोदणाऱ्यांची व्यवस्था आणि लागणारा दाखला यांची माहिती एका कागदावर तयार ठेवावी. अन्यधर्मीय नातेवाइकांना विधीत सन्मानाने उभे राहण्याची जागा द्यावी. त्यांना मृताविषयी दोन शब्द बोलू दिल्याने ख्रिस्ती विधीचे काही बिघडत नाही. त्या दिवशी धर्मांतरावर उपदेश करणे मात्र अनुचित आणि निर्दयपणाचे आहे.

इतके करूनही मंडळीत भांडणे होतात, समितीच्या निवडणुकीवरून होतात, इमारतीवरून होतात आणि सर्वांत जास्त गायनाच्या गटावरून होतात. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर यांनी नाझी राजवटीने बंद पाडलेल्या फिंकेनवाल्डे येथील विद्यालयातील सहजीवनावर १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, जो माणूस प्रत्यक्ष मंडळीपेक्षा मंडळीविषयीच्या आपल्या स्वप्नावर अधिक प्रेम करतो तोच तिचा नाश करतो. बदलीने आलेल्या सभासदांनी मूळ गावच्या चर्चशी रोज तुलना करण्याआधी हे ध्यानात घ्यावे. तक्रार असल्यास मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम पाळावा : आधी त्या व्यक्तीशी एकांतात, मग दोघा-तिघांच्या समक्ष, आणि त्यानंतरच मंडळीपुढे. व्हॉट्सॲपच्या गटावर तक्रार टाकणे म्हणजे तिसरी पायरी पहिली करणे होय. पैशांचा अपहार किंवा बालकांवरील अत्याचार यांचा संशय मात्र या क्रमात बसत नाही. तेथे थेट पोलिसांकडे आणि चर्चच्या वरिष्ठांकडे जावे.

भद्रावतीत नव्याने आलेल्या कुटुंबाने पहिल्याच महिन्यात मंडळीच्या सचिवाला किंवा धर्मगुरूला भेटून कुटुंबनोंदवहीत घरातील सर्वांची नावे, रक्तगट, कामाची पाळी आणि दूरच्या एका नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा आणि मंडळीतील शेजारच्या दोन घरांचे क्रमांक स्वतःकडे घ्यावेत. हे काम आनंदाच्या दिवसांत अर्ध्या तासात होते. दुःखाच्या दिवशी ते करायला कोणालाच सवड नसते.